पात्याच्या मुळाशी: घडीच्या चाकूंवरचे छाप आणि त्यांची साक्ष

१/ घडीचा जुना चाकू उघडला की संग्राहकाची नजर धारेकडे किंवा मुठीकडे वळत नाही. ती जाते पात्याच्या अगदी मुळाशी, नखाएवढ्या जागेत उमटलेल्या चार अक्षरांकडे. त्या अक्षरांवरून चाकूचे गाव ठरते, काळ ठरतो आणि किंमतही ठरते. पण ही अक्षरे नेमके काय सांगतात? आणि ती किती खरे बोलतात? #थ्रेड

२/ आधी ती जागा पाहू. पात्याचा जो बोथट, जाड भाग खिळ्याभोवती फिरतो, त्याला संग्राहक 'टँग' म्हणतात. धार पुन्हा पुन्हा लावल्याने पाते झिजत जाते. टँग मात्र सहाणेला लागत नाही. म्हणून पन्नास वर्षे वापरलेल्या चाकूचे पाते अर्ध्यावर आले, तरी त्याच्या मुळाशी असलेला छाप वाचता येतो. कारागिरांनी ही जागा विचारपूर्वक निवडली होती.

३/ छाप मारण्याची वेळही ठरलेली असे. पोलाद मऊ असताना, म्हणजे त्याला पाणी देण्याआधी, कठीण पोलादाचा ठसा त्यावर ठेवून हातोड्याचा घाव घालत. त्यानंतर पाते तापवून, विझवून टणक करत. एकदा पाणी चढले की त्यावर नवा ठसा उठत नाही. हा तांत्रिक तपशील लक्षात ठेवावा. खऱ्या-खोट्याचा निवाडा करताना तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

४/ आता इंग्लंडमधील शेफील्ड. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने आपल्या कथेतील एका पात्राच्या जवळ 'शेफील्डचा चाकू' दाखवला आहे. गावाची ख्याती इतकी जुनी! १६२४ साली इंग्लंडच्या संसदेने कायदा करून हॅलमशायर परगण्यातील चाकू, विळे, कात्र्या घडवणाऱ्यांचा संघ स्थापन केला: 'कंपनी ऑफ कटलर्स'. आपल्याकडील प्राचीन 'श्रेणी'ची आठवण व्हावी अशी ही संस्था.

५/ संघाचा सभासद झालेल्या कारागिराला स्वतःचे चिन्ह मिळे आणि त्याची नोंद होई. आज आपण अशा चिन्हाला 'ब्रँड' म्हणू आणि त्यात अभिमान शोधू. मूळ हेतू अधिक रोखठोक होता. माल निकृष्ट निघाला तर दोष कोणाचा, हे कळायला हवे. छाप म्हणजे आधी जबाबदारी. प्रतिष्ठा नंतर आली. ग्राहकांपैकी अनेकांना वाचता येत नसे, म्हणून ही चिन्हे बहुधा चित्ररूप किंवा एखाद-दोन अक्षरांची असत.

६/ यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. चिन्ह ही मालमत्ता झाली. कारागीर वारला तरी त्याची विधवा ते चिन्ह वापरू शके. पुढे ते दुसऱ्याच्या हाती जाई. माणूस संपे, चिन्ह उरे. त्यामुळे केवळ चिन्ह ओळखून 'हा चाकू अमुक माणसाने अमुक साली केला' असे म्हणता येत नाही. एकाच चिन्हाखाली चार-चार पिढ्यांचा माल असू शकतो.

७/ दोन प्रसिद्ध उदाहरणे. 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स' या पेढीचे चिन्ह म्हणजे तारा आणि माल्टीज क्रूस. आपला वारसा ही पेढी १६८२ पर्यंत मागे नेत असे. दुसरे चिन्ह जॉर्ज वोस्टनहोमच्या पेढीचे: 'आय एक्स एल'. ही तीन अक्षरे सलग उच्चारली की इंग्रजीत 'मी सरस ठरतो' असा अर्थ निघतो. शब्दकोटीतून घडलेले हे चिन्ह एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घरोघरी पोचले.

८/ शेफील्डचा प्रतिस्पर्धी होता जर्मनीतील झोलिंगेन. तेथे पेटर हेन्केल्सने १३ जून १७३१ रोजी कारागीर-संघाकडे 'जुळे' हे चिन्ह नोंदवले. ते आजही वापरात आहे. पण याच झोलिंगेनच्या तलवार-कारागिरांनी त्याआधी पासाउ या गावाचा 'धावता लांडगा' आपल्या पात्यांवर कोरला होता, कारण ग्राहकाचा विश्वास त्या लांडग्यावर होता. नक्कल ही बाजारपेठेइतकीच जुनी आहे.

९/ हा प्रवाह महाराष्ट्रापर्यंतही आला. मराठ्यांच्या 'फिरंग' तलवारीचे नावच सांगते की तिचे पाते परदेशी. अशा अनेक पात्यांवर युरोपीय कारागिरांची नावे आणि चिन्हे आढळतात, आणि भारतात घडलेल्या काही पात्यांवर त्याच चिन्हांची नक्कलही आढळते. वस्तुसंग्रहालयात फिरंग पाहताना पात्यावरचे नाव हा घडवणाऱ्याचा पुरावा मानण्याआधी थांबावे. तो ग्राहकाच्या अपेक्षेचा पुरावाही असू शकतो.

१०/ पुन्हा शेफील्डकडे, आणि एका अवघड प्रश्नाकडे. चाकूवर 'रॉजर्स' असा छाप आहे; मग तो रॉजर्सने घडवला का? एका घडीच्या चाकूमागे किमान तीन कसब असत. एक जण पाते घडवी, दुसरा ते सहाणेवर घाशी, तिसरा पाते, कमान आणि मूठ जुळवी. यांपैकी अनेक जण स्वतंत्र कारागीर असत, भाड्याच्या लहानशा जागेत बसून अनेक पेढ्यांची कामे करत. शेफील्डमध्ये त्यांना 'लिटल मेस्टर' म्हणत.

११/ यांतला सर्वांत दुर्दैवी तो घासणारा. आपल्या भाषेत शिकलगार. तो फिरत्या वालुकाश्माच्या चाकावर दिवसभर ओणवा असे. दगडाची आणि पोलादाची धूळ त्याच्या फुप्फुसात साठत जाई. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एंगेल्सने शेफील्डच्या डॉ. नाइट यांचे निरीक्षण दिले आहे: कोरड्या चाकावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे, आणि ओल्या चाकावरचे क्वचितच ४५ ओलांडत.

१२/ त्या शिकलगाराचे नाव टँगवर नाही. १६२४ मध्ये छापाचा अर्थ होता 'हे मी केले, दोष माझा'. दोन शतकांनंतर तोच छाप सांगू लागला 'हे आम्ही विकतो, भरवसा आमचा'. ठसा तसाच राहिला, पण त्यामागचा 'मी' बदलला. एकोणिसाव्या शतकातील चाकूवरचे नाव वाचताना हा फरक विसरला, तर ज्याने आयुष्य घासले तो इतिहासातूनही पुसला जातो.

१३/ आता काळ ओळखण्याच्या खुणा. पहिली खूण राजाची. १८२२ मध्ये रॉजर्सना चौथ्या जॉर्जचे अधिकृत चाकूकार म्हणून मान मिळाला. (याच पेढीने त्या वर्षी १८२२ पात्यांचा एक अजस्र चाकू केला, आणि पुढे त्यात पाती वाढवली!) शेफील्डच्या अनेक पात्यांवर मुकुट आणि त्याच्या दोन बाजूंना राजाची अक्षरे दिसतात: 'डब्ल्यू आर' म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७, 'व्ही आर' म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१.

१४/ दिसायला किती सोपे! पण अडचणी दोन. 'जी आर' हे जॉर्ज नावाच्या अनेक राजांना लागू पडते, आणि 'ई आर' हे सातव्या एडवर्डइतकेच दुसऱ्या एलिझाबेथलाही. दुसरी अडचण मोठी: ज्यांना राजमान्यता नव्हती अशा पेढ्याही मुकुट आणि अक्षरे सर्रास छापत. म्हणून मुकुट दिसला म्हणजे चाकू राजवाड्यात गेला असे नव्हे; त्याच्या विक्रेत्याला राजवाड्याची झळाळी हवी होती, एवढेच ठरते.

१५/ नाव मौल्यवान झाले की ते चोरले जाते. १८४० च्या दशकात रॉजर्स पेढीने आपल्या नावासारखा छाप चाकूंवर मारल्याबद्दल नोविल नावाच्या प्रतिवादींना न्यायालयात खेचले. 'रॉजर्स विरुद्ध नोविल' हा इंग्लंडच्या व्यापारचिन्ह-कायद्याच्या घडणीतला महत्त्वाचा खटला ठरला. आज प्रत्येक वस्तूवर दिसणाऱ्या 'ट्रेडमार्क'च्या इतिहासात खिशातल्या चाकूला असे मानाचे पान आहे.

१६/ पुढची पायरी राष्ट्रांची. झोलिंगेनच्या मालावर शेफील्डचे छाप मारून तो विकला जातो, अशी शेफील्डकरांची तक्रार होती. १८८७ साली ब्रिटनने 'मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट' केला आणि खोट्या ब्रिटिश छापाचा परदेशी माल अडवला. त्याच धर्तीवर १८८९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातही कायदा आला. 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगभर पसरले ते या काळात. ते आधी हिणवणूक म्हणून आले, आणि पुढे गुणवत्तेची ग्वाही झाले.

१७/ अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ली जकात कायदा केला. त्यानुसार १ मार्च १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे बंधनकारक झाले. संग्राहकांना ही तारीख पाठ असते. शेफील्डच्या पात्यावर गावाच्या जोडीला 'इंग्लंड' हा शब्द दिसला, तर चाकू बहुधा १८९१ किंवा त्यानंतरचा. नसेल तर आधीचा. निदान असा ठोकताळा आहे.

१८/ 'ठोकताळा' म्हणण्याचे कारण आहे. हा कायदा अमेरिकेचा होता. लंडनच्या किंवा मुंबईच्या दुकानासाठी केलेल्या चाकूवर 'इंग्लंड' छापण्याची सक्ती या कायद्याने होत नव्हती. म्हणून भारतात सापडलेल्या शेफील्डच्या चाकूवर तो शब्द नाही, एवढ्यावरून तो १८९१ पूर्वीचा ठरत नाही. छाप असणे हा पुरावा आहे. छाप नसणे हा तितकाच भक्कम पुरावा नाही. इतिहासाच्या कोणत्याही साधनाला हा नियम लागू पडतो.

१९/ झोलिंगेनची कथा मात्र येथे एक पूर्ण वळण घेते. ज्या गावाने पासाउचा लांडगा उचलला, ज्या गावाच्या मालावर शेफील्डचे खोटे नाव असल्याचा आरोप झाला, त्याच गावाचे नाव पुढे इतके मौल्यवान झाले की १९३८ मध्ये जर्मनीने 'झोलिंगेन' या नावाच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. नक्कल करणारा जेव्हा स्वतःच नक्कल होण्याइतका मोठा होतो, तेव्हा तोही कायद्याच्या दारात येतो.

२०/ आतापर्यंतच्या खुणांवरून काळ अनुमानाने कळतो. मग वर्ष थेट का छापले नाही? व्यापाऱ्याचे उत्तर सरळ असणार: पाच वर्षे दुकानात पडून राहिलेला माल जुना आहे, हे ग्राहकाला का कळू द्यावे? सैन्याची गरज उलटी. माल कोणत्या पुरवठ्यातला, कोणत्या वर्षाचा, याचा हिशेब कोठाराला हवा. म्हणून वर्ष ठळकपणे आढळते ते लष्करी चाकूंवर.

२१/ दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याच्या घडीच्या चाकूंवर निर्मात्याचे नाव, वर्ष आणि एक बाण असतो. तीन रेघांचा हा बाण म्हणजे 'ही सरकारी मालमत्ता' अशी खूण. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनरने १८९१ मध्ये सैनिकांच्या चाकूंचा पुरवठा सुरू केला. त्याचीच पेढी पुढे 'व्हिक्टोरिनॉक्स' झाली. स्विस सैन्याच्या १९६१ नमुन्याच्या चाकूवर टँगवरच वर्षाचे दोन आकडे असतात. '७८' म्हणजे १९७८. अनुमानाला वावच नाही.

२२/ नागरी चाकूंत सर्वांत चतुर पद्धत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या 'डब्ल्यू. आर. केस अँड सन्स' या पेढीची. १९४० ते १९६४ या काळात तिचा छाप होता 'केस एक्स एक्स'. १९६५ पासून त्याखाली 'यू.एस.ए.' आले. १९७० मध्ये त्याखाली दहा ठिपके आले, आणि दर वर्षी एक ठिपका कमी होत गेला: १९७१ ला नऊ, १९७५ ला पाच, १९७९ ला एक.

२३/ १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपके आले. मग १९७० आणि १९८० यांत फरक कसा करायचा? त्यासाठी 'केस'मधील 'एस' हे अक्षर विजेच्या रेघेसारखे टोकदार केले गेले. म्हणजे साधा 'एस' आणि सात ठिपके, तर १९७३. विजेचा 'एस' आणि सात ठिपके, तर १९८३. बाजारात अनोळखी ग्राहकाला त्यात वर्ष दिसत नाही. जाणकाराला मात्र ते पंचांगासारखे वाचता येते.

२४/ आता लबाडीचे गणित पाहा. एक ठिपका घासून काढला, तर चाकू एका वर्षाने *नवा* ठरतो. यात फायदा कोणाचा? पण सगळे ठिपके काढले, तर १९७० च्या दशकातला चाकू १९६५-६९ चा ठरतो. 'यू.एस.ए.' हे शब्दही काढले, तर तो थेट १९६४ पूर्वीचा! म्हणून ज्या टँगवर छापाखालची जागा किंचित खोलगट, पातळ किंवा वेगळ्या चमकेची दिसते, तेथे संशय घ्यावा. पुराव्यात फेरफार कोणत्या दिशेने फायद्याचा आहे, हे ओळखणे म्हणजे निम्मा तपास.

२५/ तिसऱ्या मुद्द्यातला तपशील येथे कामी येतो. खरा छाप मऊ पोलादावर घावाने उमटतो. धातू दाबला जातो, अक्षरांच्या कडा आणि तळ त्या दाबाची साक्ष देतात. टणक पात्यावर नंतर अक्षरे आणायची, तर ती कोरावी लागतात किंवा आम्लाने खावी लागतात. मग रेघ वेगळी दिसते. पाते पुन्हा तापवून मऊ करावे, तर त्याचे पाणी उतरते आणि रंगही बदलतो. भिंगाखाली खोटेपणा लपवणे कठीण जाते.

२६/ एक साक्षीदार पुरेसा नसतो; दुसरा शोधावा. केसच्या चाकूवर नमुन्याचा क्रमांकही असतो. ६२५४ घ्या: ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे 'ट्रॅपर' हा घाट. आरंभीचा आकडा ५ असेल, तर मूठ सांबरशिंगी हवी. आकडा ५ आणि मूठ हाडाची, असे दिसले तर मूठ तरी बदलली आहे किंवा पाते तरी दुसऱ्या चाकूचे आहे. अशा सांधलेल्या चाकूत छाप खरा असूनही वस्तू खोटी असते.

२७/ तिसरा साक्षीदार म्हणजे धातू स्वतः. शेफील्डच्याच प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद सिद्ध केले. एखाद्या पात्यावर व्हिक्टोरियाचा मुकुट आणि 'व्ही आर' अक्षरे असतील, पण पोलाद स्टेनलेस असेल, तर तो चाकू व्हिक्टोरियाच्या काळातला असू शकत नाही. राणी १९०१ मध्येच निवर्तली. अक्षरे कितीही जुनी दिसोत, पोलाद आपले वय लपवू शकत नाही.

२८/ तेव्हा वाचनाचा क्रम असा. प्रत्येक खूण एक सीमा सांगते: चाकू *याच्या आधीचा नाही*. 'इंग्लंड' म्हणते, बहुधा १८९१ च्या आधीचा नाही. स्टेनलेस म्हणते, १९१३ च्या आधीचा नाही. सहा ठिपके साध्या 'एस'सह म्हणतात, १९७४. यांतली सर्वांत अलीकडची सीमा स्वीकारायची, मग मूठ आणि क्रमांक यांच्याशी ताडून पाहायची. ताम्रपट, शिलालेख आणि नाणी यांचे वाचनही याच शिस्तीने होते.

२९/ आणि शेवटी एक मर्यादा, जी कोणत्याही भिंगाने ओलांडता येत नाही. टँगवर गाव वाचता येते, पेढी वाचता येते, राजा आणि कधी वर्षही वाचता येते. ज्या शिकलगाराने ते पाते धुळीत ओणवे राहून घासले, तो तेथे नाही. मात्र पात्याच्या पाठीवर, मुठीच्या सावलीत, सहाणेचे बारीक समांतर ओरखडे काही चाकूंवर अजून शिल्लक असतात. छाप वाचून झाल्यावर ते जरूर पाहावेत. त्याची सही तेवढीच आहे.